ताईला घेऊन या

माझ्या कपाटातल्या कितीतरी कादंबऱ्यांच्या समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे : ‘बीपी?’ अक्षर डॉक्टर आक्कांचं. नायिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तिच्या चेहऱ्यावर मातृत्वाचं तेज चढतं, मग एके दिवशी तिचं डोकं दुखू लागतं, आणि प्रकरण संपता संपता ती जाते. नायक उरलेली कादंबरी हिंडत राहतो. अशा जागी आक्कांची पेन्सिल थांबलेली दिसते. ‘तेज’ या शब्दाखाली रेघ, आणि शेजारी तो प्रश्न.

पुस्तक परत द्यायला त्या आल्या की त्यांच्याआधी आवाज यायचा.

“सर, तुमच्या लेखकांस्नी बाया मारायला बाळंतपण बरं गावलंय. एकानं तरी तिचा बीपी घेतलावता का इचारा.”

“ते लेखक आता हयात नाहीत, डॉक्टर.”

“मग ऱ्हाऊ दे. आता त्यांचा घेऊन बी उपयोग न्हाय.”

डॉक्टर सुलोचना आमच्या निपाणीच्याच. बुद्धविहारामागच्या गल्लीत वाढलेल्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची. हुबळीला वैद्यकी शिकून त्या परत आल्या आणि माझ्या घराला लागून त्यांनी दवाखाना काढला. माझा ओटा आणि त्यांचा ओटा यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. मी शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर सकाळभर ओट्यावर वाचत बसू लागलो, पण खरं सांगायचं तर वाचण्यापेक्षा ऐकणंच जास्त झालं. त्यांचा आवाज मोठा होता. लहानपणी वखारीच्या फाटकाबाहेरून वडलांना हाका मारून मारून तो तसा झाला, असं त्या सांगत. बाईचं गुपित त्या आतल्या खोलीत, दार लावून, अगदी हळू विचारत. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी ओट्यावर बोलायचं होतं.

आमच्या भागातल्या बायका ‘मी येते’ म्हणत नाहीत, ‘मी येतो’ म्हणतात. डॉक्टरही तसंच म्हणत. मी एकदा व्याकरण काढलं. त्या म्हणाल्या, “सर, कळा येताना कुणी ‘मरते’ म्हणत न्हाय, ‘मरतो गं आये’ असंच म्हणतंय. तितं या एकदा तुमचं व्याकरण घेऊन.” मी तो विषय पुन्हा काढला नाही.

‘बीपी’ हा शब्द आमच्याकडे रोगाचं नाव म्हणूनच चालतो. एखाद्याला साखर असते, तसा एखाद्याला बीपी असतो. नवी गरोदर बाई तपासायला आली की सोबतची सासू आधीच सांगून टाकायची, “हिला बीपी न्हाय बघा, आक्का. आमच्या घराण्यात कुणालाच न्हाय.”

“कुणालाच न्हाय?”

“न्हाय.”

“मग समदी जित्ती कशी हाईती?”

ओटा हसायचा. सासूही हसायची, जरा उशिरा. मग डॉक्टर तिला समजावत, की रक्त नळातल्या पाण्यासारखं वाहतं, त्याचा जोर म्हणजे बीपी, तो सगळ्यांना असतो, प्रश्न किती असतो हा आहे. पोट असताना तो चढला तर आईच्या डोक्याला, मूत्रपिंडांना आणि आतल्या पोराला, सगळ्यांनाच धोका. “आनि ह्ये दुखणं मुकं हाय, मावशी. दुखलं तर दवाखान्यात जाऊ, ह्यो हिशेब हितं चालत न्हाय.”

आल्या आल्या मात्र त्या कुणाचा बीपी घेत नसत. पायऱ्या चढून आलेल्या बाईचा बीपी पायऱ्यांचा असतो, बाईचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. आधी बाकावर पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, आणि घरी आज काय रांधलं ते विचारायचं. निपाणीतल्या कुणाच्या घरी कुठल्या दिवशी झुणका होता हे डॉक्टरांना ठाऊक असे. मग म्हणायचं, “बांगड्या फिरव बघू.” बाई मनगटावरच्या हिरव्या बांगड्या गरागरा फिरवून दाखवायची. पाय पुष्कळजणींचे सुजतात. पण हात आणि तोंड एकाएकी सुजलं तर डॉक्टरांना ते आवडत नसे. “बांगडी रुताय लागली की माझ्याकडं यायचं. कासाराकडं न्हाय.”

आणि आमच्याकडे नेमकं त्याच सुजेचं कौतुक. तोंड फुगलं की बायका म्हणतात, पोरगी भरली बघ, तेज आलंय. मीठमोहऱ्या उतरून टाकतात. डॉक्टर म्हणत, “नजर काढा की, मी नगो म्हणत न्हाय. आदी माझा पट्टा बांधू, मग तुमच्या मोहऱ्या.” ‘दोघांचं खा’ हा उपदेश ऐकला की त्या मूठ वळून दाखवायच्या : “दुसरा एवढासा हाय. म्हसरू न्हाय.”

कुणावर जास्त डोळा ठेवायचा हे त्यांचं ठरलेलं होतं. एकदा एक मुख्याध्यापिका आल्या. चाळिशीला टेकलेल्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, साखरेच्या गोळ्या चालू, पहिलंच बाळंतपण, आणि पोटात जुळं. बाईंनी सगळं शिस्तीत सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, आमाला परीक्षेला ह्यातला एकेक प्रश्न यायचा. तुमी एकट्याच समदा पेपर घेऊन आलासा.”

मुख्याध्यापिका आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेर एवढ्या हसल्या असतील. पुढं दर आठवड्याला त्या यायच्या, आणि डॉक्टर त्यांना बसल्या जागी गुण द्यायच्या. जुळी आता शाळेत जातात आणि दोघं मिळून आईला दमवतात.

पण एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना कधी नीट मिळत नसे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात बीपी चढला होता का, झटके आले होते का? हे त्या प्रत्येकीला विचारत, कारण घरात झालं असेल तर पुढच्या बहिणीला भीती जास्त. उत्तर सासू द्यायची : “काय न्हाय.” सुनेच्या माहेरचं सासूला काय माहीत असणार? आणि सून सासूसमोर माहेरचं दुखणं कशाला काढेल? ही गाठ सुटली ती एका चुकीमुळे, आणि ती चूक आमच्या सीमेवरच होऊ शकते.

डॉक्टरांकडे गंगव्वा नावाची नर्स होती. हुक्केरीकडची, घरी कानडी बोलणारी, मराठी कामापुरती. गरोदर बाईला सरकारकडून जे पुस्तक मिळतं त्याला कर्नाटकात ‘तायी कार्ड’ म्हणतात. कानडीत तायी म्हणजे आई. कोगनोळीची एक नवी सून, रेश्मा, तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा आली तेव्हा सरकारी पुस्तक घरी विसरली होती. तिचं माहेर कागलकडचं, नाक्यापलीकडचं, महाराष्ट्रातलं. कानडीचा तिला गंध नाही. निघताना गंगव्वानं बजावलं, “फुडच्या सारी तायी कार्ड घेऊन बा.”

पुढच्या वेळी रेश्मा आली ती एका बाईला घेऊन. मी ओट्यावरच होतो.

“कार्ड?” गंगव्वानं हात पुढे केला.

रेश्मानं आधार कार्ड दिलं. गंगव्वानं फोटो बघितला, रेश्माकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

“ह्ये कुणाचं?”

“ताईचं.”

“तुजं कुठं हाय?”

“माझं कशाला? तुमीच म्हणलासा की, ताई, कार्ड घेऊन या. ताईबी आणलीया, कार्डबी आणलंय.”

गंगव्वानं कपाळाला हात लावला. “अय्यो शिवा. तायी अंदरे अव्वा. तायी म्हंजे आई गं.”

रेश्मा घाबरली. “म्हंजे आयला आणायचं व्हतं व्हय?”

तोवर डॉक्टर बाहेर आल्या होत्या, आणि दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या. रेश्माची ताई, सारिका, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखी पिशवी छातीशी धरून उभी होती. डॉक्टर डोळे पुसत म्हणाल्या, “गंगव्वा, चा टाक. एवढ्या लांबनं आलीया, तशी कशी धाडायची? ये गं ताई, आत ये.”

पुढचं मला सारिकानंच सांगितलं, बऱ्याच काळानं, ओळख वाढल्यावर. आत बसल्यावर डॉक्टरांनी चहा होईपर्यंत सहज तो प्रश्न विचारला, जो त्या सगळ्यांना विचारायच्या. त्या दिवशी सासू सोबत नव्हती, ती बाजाराला गेली होती. सारिकानं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “दार लावता?”

तिच्या पहिल्या वेळी आठव्या महिन्यात तिचं तोंड सुजलं होतं. सासरी सगळे खूश होते, सून भरली म्हणून. डोकं दुखायचं, डोळ्यापुढं काजवे चमकायचे, बरगडीखाली कळ यायची. पित्त म्हणून लिंबाचं सरबत दिलं. एका दुपारी तिला झटके आले. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. देवरुषाला आणलं, त्यानं बाहेरचं वारं सांगितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल गेलं, ती वाचली. आईनं तिला शपथ घातली की हे कुणाला बोलायचं नाही. धाकट्या दोघी लग्नाच्या होत्या, आणि झटक्याच्या घरातली मुलगी कोण करून घेणार? रेश्मा तेव्हा शिकायला वसतिगृहात होती. तिलाही एवढंच कळलं होतं, की ताई पाय घसरून पडली.

सारिकानं त्यानंतर मूल होऊ दिलं नव्हतं. नवरा भला, त्यानं कधी आग्रह केला नाही.

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला म्हणे. “तू आज जे सांगितलंस ना, त्येच हिचं पैलं औषध.”

रेश्माला त्या दिवसापासून रोज एक लहान गोळी सुरू झाली, कॅल्शियम सुरू झालं, आणि इतर बायकांपेक्षा तिच्या खेपा वाढल्या. पण गोळी घरात लपत नाही. सासू हौसाबाईनं विचारलं, ही कशाची? रेश्माला खोटं बोलता आलं नाही.

हौसाबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पदर खोचलेला. बाकावर बसल्या नाहीत.

“आक्का, आमाला फशिवलंय बघा. फेफऱ्याच्या घरातली पोरगी घातलीया गळ्यात. मी पोराला म्हणलंय, धाड तिला माहेरला. काय व्हायाचं ते तिकडंच हूंद्या.”

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. पोरगी माहेरी गेली असती तर पुन्हा शपथा, पुन्हा सरबत. डॉक्टरांनाही ते कळलं असणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्या हौसाबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तशाच कमरेवर हात ठेवून, जणू दोघी मिळून तिसऱ्याच कुणाशी भांडणार होत्या.

“फेफरं म्हंजे कसं वो, हौसाक्का?”

“झटकं येत्यात. तोंडाला फेस. ठावं न्हाय व्हय तुमाला?”

“मला यायला लागलंवतं की. माझ्या पोराच्या टायमाला. डोसकं फुटाय लागलं, डोळ्यापुढं काजवं. हुबळीच्या माझ्या डाक्टर मास्तरीणबाईनं वळीखलं आनि झटका यायच्या आत मला मोकळं केलं. मी फेफऱ्याची दिसतो काय?”

हौसाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी डाक्टर हाईसा.”

“बीपीला कुठं ठावं त्ये?”

डॉक्टरांनी हौसाबाईंना कोपराला धरून बाकावर बसवलं.

“रेश्माच्या ताईला देवरुषानं काय सांगितलंवतं? बाहेरचं वारं. त्येची एका टिंबाची चूक झाली. वारं न्हवं, वार. पोराला रगात पुरवती ती वार. ती आत नीट रुजली न्हाय की आईचा बीपी चढतोय. वार पडली की दुखणं उतरणीला लागतंय. कुणाच्या अंगातलं भूत न्हाय, कुणाच्या घराण्याचा डाग न्हाय. आनि फेफरं असतं तरी बी पोरगी धाडून द्यायची नसती, ती गोष्ट येगळी.”

आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांतले अनुस्वार लाल शाईनं दुरुस्त केले. एका अनुस्वारावर एवढं काही अवलंबून असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“मग ही गोळी घेतल्यावर व्हनार न्हाय न्हवं?” हौसाबाईंचा आवाज खाली आला होता.

“व्हईल बी. मी शबुद देत न्हाय. पर ते तुमच्या दारात यायच्या आदी मी त्येला वाटंत गाठतो. तेवढ्यासाठी पोरगी माझ्या नजरंसमोर पायजे.”

गंगव्वानं चहा आणला. हौसाबाईंनी बशीत ओतला, फुंकला आणि प्यायल्या. आमच्याकडे भांडायला आलेलं माणूस चहा प्यायलं म्हणजे पुढचं बोलायचं राहत नाही.

त्यानंतर हौसाबाईंनी जी पहारेदारी केली तिला तोड नाही. सकाळी उठल्यावर सून ‘आत्या, चहा ठेवू का’ म्हणायच्या आत त्या विचारायच्या, “डोसकं दुखतंय?” डॉक्टरांना त्यांचे फोन यायचे, आणि डॉक्टर फोन नेहमी मोठ्यानं लावायच्या, त्यामुळे ते मलाही यायचे. “आक्का, न्हाय म्हणती. खरं म्हणती का?” “आक्का, आज लई हासली. त्येचं काय?” डॉक्टर म्हणायच्या, “हासण्यानं बीपी चढत न्हाय, हौसाक्का. तुमी बी हासा.” कोगनोळीत त्या वर्षी ज्या ज्या सुना गरोदर होत्या त्या सगळ्यांना हौसाबाईंनी बांगड्या फिरवायला लावल्या.

आठव्या महिन्याच्या एका सकाळी रेश्मा ठरल्याप्रमाणे आली. बांगड्या सैल, डोकं दुखत नाही, चेहरा टवटवीत, येताना द्राक्षं खाऊन आलेली. डॉक्टरांनी बीपी घेतला. थोडा वेळ तिच्याशी लोणच्याबद्दल बोलल्या आणि पुन्हा घेतला. लघवी तपासली. मग बाहेर येऊन त्यांनी मला हाक मारली.

“सर, गाडी काढा. बेळगावला जायचंय.”

बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांची वर्गमैत्रीण होती, आणि तिथं अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सोय होती. डॉक्टरांनी गाडी चालवणं तेव्हा सोडलं होतं. हौसाबाईंना पटेना. “तिला काय सुदीक झाल्यालं न्हाय, आक्का. चांगली हाय की.”

रेश्माही म्हणाली, “मला बरं वाटतंय, खरंच.”

“बरं वाटतंय म्हणूनच आज जायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “बरं वाटंना झाल्यावर गेलीवती तुझी ताई.”

सगळे गाडीत बसले. वाटेतलं हत्तरगी मागं पडेपर्यंत डॉक्टरांनी सगळ्यांना लहानपणीच्या गोष्टी सांगून हसवलं, आणि मधेमधे, बोलणं न थांबवता, पट्टा बांधून बीपी घेतला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. हसू तोंडावर होतं, डोळे दुसरीकडेच होते.

बेळगावच्या डॉक्टरांनी रेश्माला काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. बीपीच्या गोळ्या दिल्या, झटके येऊ नयेत म्हणून सलाइनमधून औषध दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी सुई दिली. सारिका रोज कागलहून यायची, रेश्माच्या पायथ्याशी बसायची आणि जाताना नर्सला विचारून आकडे समजून घ्यायची. मग एका भर दुपारी, बाहेर ऊन रखरखत असताना, मुलगी झाली. वजनाला कमी, पण आवाज असा, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या हौसाबाई उठून उभ्या राहिल्या.

“वजन न्हाय, पर घसा बघा,” त्या मला म्हणाल्या. “आक्कावर गेलीया.”

सारिका भिंतीकडे तोंड करून रडत होती. डॉक्टर तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना गप्प उभं राहिलेलं मी तेवढंच पाहिलं.

कोगनोळीला बातमी गेली : सून सुटली. आमच्याकडे बाळंत होण्याला सुटणंच म्हणतात. डॉक्टरांना हा शब्द लगेच वापरलेला खपत नसे. पोर झाल्यावरही काही दिवस बीपी उसळतो, झटके तेव्हाही येतात, आणि नेमकं तेव्हाच सगळे पेढे वाटण्यात असतात, असं त्या म्हणत. रेश्मा घरी आल्यावर त्या मला घेऊन कोगनोळीला गेल्या. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर, खिडकी बंद. त्यांनी आधी खिडकी उघडली. बीपी चढलाच होता. गोळी वाढवली, हौसाबाईंना पुन्हा कामाला लावलं. दीड महिन्यानं रेश्मा बाळाला घेऊन दवाखान्यात आली, तेव्हा बीपी बघून डॉक्टरांनी स्वतः ओट्यावर येऊन जाहीर केलं, “आता सुटली. आता आणा पेढे.” आणि रेश्माला वर सांगितलं, की वर्षातून एकदा तरी बीपी बघत जा, जन्मभर. ज्या बाईला गरोदरपणात हे होतं, तिला पुढं बीपी आणि हृदयाचं दुखणं व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त असते.

त्यानंतर दवाखान्यात नवी पद्धत पडली. पहिल्या खेपेला आलेल्या बाईला गंगव्वा मुद्दाम मराठीत सांगायची, “फुडच्या येळी ताईला घेऊन या. कार्ड येगळं, ताई येगळी.” बहिणी येऊ लागल्या, आया येऊ लागल्या. आणि दार लावून, चहा पिता पिता, कुठली कुठली दडवलेली बाळंतपणं बाहेर येऊ लागली. एकीला बहीणच नव्हती, आई वारलेली. ती भावाला घेऊन आली. बायकांच्या ओट्यावर तो पोरगा कान लाल करून बसला होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, तसा तो अंगणात जाऊन मावशीला फोन लावून आला आणि सगळं व्यवस्थित सांगितलं, आईच्या सुजलेल्या हातांसकट. डॉक्टर म्हणाल्या, “सर, ह्येला पुस्तक द्या एकादं. हुशार हाय.”

त्यांचं स्वतःचं दुखणं पुढं निघालं ते हृदयाचंच. मला सांगताना त्या जराशा ओशाळल्या होत्या. “मी मेली दुसऱ्यांचाच बघत बसलो,” म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलून माझ्याकडची एक जाड कादंबरी मागितली. तिच्यात कुणी बाळंत होत नाही ना, एवढं विचारून घेतलं.

याच काळात सारिकाचा फोन आला. फोन नेहमीसारखा मोठ्यानं.

“आक्का, मी इचार करायलोय.”

“कर की.”

“भ्या वाटतंय.”

“वाटणारच. एकदा झालंय तर दुसऱ्यांदा व्हायची भीती जास्त हाय, मी तुला खोटं सांगत न्हाय. म्हणून पोट ऱ्हायल्यावर येऊ नगं. आदी ये. दोघं बी या.”

सारिका आणि तिचा नवरा आले. मग ती येतच राहिली, पुढं दर पंधरवड्याला. रेश्मा पोरीला काखेत घेऊन तिच्यासोबत यायची, आणि गंगव्वा दोघींना बघितलं की आपणच म्हणायची, “ताई आली, कार्ड आली.” सारिकाचं बाळंतपण बेळगावलाच झालं, डॉक्टरांच्या मैत्रिणीच्या हातून. मुलगी आता रांगते. डॉक्टर ते बघायला राहिल्या नाहीत. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. गल्लीत शांतता आहे आणि माझं वाचन पूर्वीपेक्षा पुष्कळ होतं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते सारिकाच्या डोहाळजेवणात, कागलजवळच्या तिच्या सासरच्या गावी. डॉक्टर असल्या कार्यांना सहसा जात नसत, आणि त्या दिवसांत त्यांना जिनाही चढवत नव्हता. पण सकाळी साडी नेसून माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. “चला सर. लई दिसांनी त्या घरात असलं काय तरी हाय.”

घराच्या सोप्यात झोपाळा टांगला होता, शेवंतीच्या माळांनी मढवलेला. त्यावर सारिका बसली होती. डोक्यावर फुलांचा मुकुट, गळ्यात, दंडावर, मनगटांवर फुलं. आम्ही पुरुषमाणसं दाराशी उभे होतो. बायका गोल बसून डोहाळ्यांची गाणी म्हणत होत्या. तिची आई, जिनं एकदा शपथ घातली होती, ती पुढं बसून सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

डॉक्टरांनी पिशवीतून पट्टा काढला. हौसाबाईंनी त्यांना झोपाळ्याशेजारी खुर्ची दिली. सारिकानं काही न विचारता हात पुढं केला, डॉक्टरांनी तिच्या दंडावरची फुलं हलकेच वर सरकवली आणि पट्टा बांधला. कुणी सांगितलं नव्हतं, पण गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. झोपाळा कुणीतरी धरून ठेवला. डॉक्टर कानाला नळी लावून, मान खाली घालून ऐकत होत्या. सारिका त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि सगळा सोपा सारिकाच्या तोंडाकडे.

हवा सोडल्याचा बारीक आवाज आला. डॉक्टरांनी कानातली नळी काढली, सारिकाच्या दंडावरची फुलं पुन्हा जागच्या जागी नीट बसवली, आणि वर बघितलं. एवढ्या बायका आपल्याकडं का बघताहेत हे त्यांना कळेना.

“गावा की गं,” त्या म्हणाल्या. “थांबलासा कशाला?”